ग्राफिक्स कार्ड धडधाकट, तरी स्क्रीन रांगते: इंटरप्टची भानगड सोप्या भाषेत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनचा विषयच बदललाय. आधी "व्हायरस शिरलाय का बघ जरा" असायचं, आता "हे विंडोज ११ घेत नाही म्हणतंय, लिनक्स टाकून देतोस का?" मशीन चांगली असतात हो, दहा-बारा वर्षांची, रॅम पुरेशी, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नाही. मग एक स्वस्तातली एसएसडी लावायची, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचं, आणि मशीन परत पळायला लागतं. निदान पळायला पाहिजे.

सांगलीच्या माझ्या मामांचं नाही पळालं. दोन दिवस छान चाललं, तिसऱ्या दिवशी फोन. "अरे, विंडो ओढली की तुकड्या-तुकड्याने येते बघ. माउससुद्धा उड्या मारतोय." रीस्टार्ट करा म्हटलं, तर रीस्टार्टनंतर कोपऱ्यात सूचना आली की डेस्कटॉप हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनशिवाय चालतोय (म्हणजे ग्राफिक्स चिपच्या मदतीशिवाय), सीपीयूवर जास्त लोड दिसेल. ते मशीन घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तिथे निदान झालं ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन टाका. मी म्हटलं थांबा, आधी लॉग, म्हणजे सिस्टिम स्वतः लिहिते ती नोंदवही, बघू. लॉगमध्ये एक ओळ होती: "आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड". आणि तिच्या थोडं खाली: "डिसेबलिंग आयआरक्यू १६".

मामा म्हणाले, "नोबडी केअर्ड? टोमणे मारतोय का हा?"

टोमणा नाही, पण भाषा तशीच आहे खरी. आणि हा मेसेज बघून घाबरणारे, गुगल करून कुठलीतरी कमांड चिकटवणारे आणि शेवटी चांगलं कार्ड भंगारात देणारे लोक इतके बघितलेत की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. हे सगळं मुळापासून कळलं की दुरुस्ती अवघड नाही, न कळता केलं तर मात्र अंदाधुंद गोळीबार.

## इंटरप्ट म्हणजे काय, आणि ग्राफिक्सला तो कशाला लागतो

गॅसवर दूध ठेवलं तर तुम्ही तिथे उभे राहता, डोळ्यात तेल घालून, कारण नजर हटली की उतू गेलंच. कुकर लावला तर तुम्ही हॉलमध्ये जाऊन पेपर वाचता, शिट्टी झाली की उठता. कॉम्प्युटरचा सीपीयूसुद्धा इतर भागांशी या दोनच पद्धतीने वागू शकतो. एक तर सारखं जाऊन विचारायचं "झालं का, झालं का", याला पोलिंग म्हणतात, किंवा आपलं काम करत राहायचं आणि समोरच्याने शिट्टी मारली की हातातलं बाजूला ठेवून तिकडे बघायचं. ही शिट्टी म्हणजे इंटरप्ट. आणि शिट्टी ज्या लाईनवरून येते तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, बाकी चालेल.

ग्राफिक्समध्ये हे असं चालतं: सीपीयू ग्राफिक्स चिपसाठी कामांची यादी मेमरीत लिहून ठेवतो, चिप ती यादी एकेक करून उरकते, एक टप्पा झाला की मेमरीत "इथपर्यंत झालं" अशी खूण करते आणि शिट्टी मारते. शिट्टी ऐकली की ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, पुढचं काम देतो. स्क्रीनचा एकेक फ्रेम दाखवून झाला की त्याचीही शिट्टी मागता येते, ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा.

आता समजा शिट्टी झाली पण ऐकूच आली नाही. चिपने काम केलंय, कुकरमध्ये भात तयार आहे, पण हॉलमध्ये बसलेला माणूस वाट बघतोय, बघतोय, आणि शेवटी म्हणतो कुकर बिघडला वाटतं. ड्रायव्हर अगदी हेच करतो. जुन्या रेडिऑन कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर तर मशीन चालू होतानाच चिपला एक छोटं टेस्टचं काम देतो आणि ते झाल्याची खबर मुदतीत आली नाही तर लॉगमध्ये सरळ "डिसेबलिंग जीपीयू अ‍ॅक्सिलरेशन" लिहून मोकळा होतो (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिपच). चिप ठणठणीत असली तरी.

मग चित्र काढतो कोण? सीपीयूच. लिनक्समध्ये एलएलव्हीएमपाइप नावाचा एक भाग आहे, तो ग्राफिक्स चिपचं सगळं काम सीपीयूकडून करून घेतो. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, ते सेकंदाला ६० वेळा रंगवायचे म्हणजे जवळपास साडेबारा कोटी ठिपके दर सेकंदाला. दहा वर्षं जुन्या सीपीयूला हे करायला लावलं की पंखा बोंबलतो आणि विंडो रांगते.

## चाळीतली एकच बेल

शिट्टी ऐकू का येत नाही हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९८१ चा आयबीएम पीसी आला तेव्हा त्यात इंटरप्ट सांभाळणारी एक चिप होती, ८२५९ए, तिला फक्त ८ लाईन. १९८४ च्या पीसी एटीमध्ये अशीच दुसरी चिप पहिलीच्या एका लाईनवर टांगली, त्यामुळे वापरायला १५ लाईन झाल्या. टायमरला ०, कीबोर्डला १, फ्लॉपीला ६, प्रिंटरला ७, असं ठरलेलं. ज्यांनी नव्वदच्या दशकात साउंड कार्डावरचे जंपर, म्हणजे लाईन निवडायच्या छोट्या खुंट्या, चिमट्याने हलवलेत त्यांना ५ आणि ७ मधली मारामारी आठवत असेल. तेव्हा एका लाईनवर दोघं आले की भांडण ठरलेलं, कारण ती शिट्टी क्षणभराची असायची, दारावरची कडी एकदाच खडखडवून गप्प, दोघांनी एकदम वाजवली तर एकच ऐकू यायची.

मग पीसीआय स्लॉट आले आणि पद्धत बदलली. पीसीआयमध्ये कडी नाही, बेलचं बटण आहे आणि ते दाबून धरायचं, कुणीतरी येऊन काम बघेपर्यंत सोडायचं नाही. यामुळे एक सोय झाली, एकच बेल अनेकांना वाटून देता येऊ लागली. चाळीच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडं आणि जिन्यात एकच बेल आहे असं समजा. बेल वाजली की पहिल्या दारातून कुणीतरी डोकावतं, "माझ्याकडे कोणी नाही", मग दुसरं दार, मग तिसरं, ज्याचा पाहुणा असेल तो त्याला आत घेतो, बटण सुटतं, बेल थांबते. कॉम्प्युटरमध्ये ही बिऱ्हाडं म्हणजे ड्रायव्हर. एका लाईनवर ग्राफिक्स, यूएसबी आणि साउंड तिघंही सुखाने नांदतात, वर्षानुवर्षं.

म्हणून एक गैरसमज इथेच काढून टाकतो: एक आयआरक्यू दोघांकडे दिसतोय म्हणजे कॉन्फ्लिक्ट झाला, असं नाही. ते जंपरच्या काळातलं. पीसीआयमध्ये शेअरिंग हीच रीत आहे.

भानगड होते ती बटण अडकलं की.

## "नोबडी केअर्ड" म्हणजे नेमकं काय होतं

बेल वाजते, सगळे डोकावतात, सगळे म्हणतात माझ्याकडे कोणी नाही. दारं बंद होतात न होतात तोच बेल पुन्हा. पुन्हा सगळे डोकावतात. पुन्हा कोणी नाही. कुणीतरी बटण दाबूनच ठेवलंय किंवा बटणच आत रुतलंय, आणि मजल्यावरच्या कुणालाच दुसरं काही करता येत नाहीये. कॉम्प्युटरमध्ये ही बेल सेकंदाला हजारोंनी वाजते, याला इंटरप्टचं वादळ म्हणतात, आणि एक आख्खा सीपीयू कोअर नुसता दारं उघडण्यात खपतो.

लिनक्सने यावर एक सेक्रेटरी नेमलाय. तो मोजत बसतो. एका लाईनवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त जर कुणीच आपले म्हटले नाहीत, तर तो लॉगमध्ये लिहितो की बाबांनो याची कुणाला पडलेलीच नाही, नोबडी केअर्ड, आणि बेलची वायर उपटून टाकतो. म्हणजे ती लाईनच बंद. हा निर्णय चुकीचा नाही बरं का, वायर उपटली नसती तर मशीन जागीच गोठलं असतं.

पण त्या बेलवर इतर पाच प्रामाणिक बिऱ्हाडंही होती ना. त्यांचे खरे पाहुणे आता जिन्यात उभे. आणि त्या पाचांत ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचीही शिट्टी गेली. गुन्हा शेजाऱ्याचा, शिक्षा याला.

वायर उपटल्यावर सेक्रेटरी अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. दर १०० मिलीसेकंदाला तो स्वतः फेरी मारतो आणि प्रत्येक दारावर विचारतो, तुमचं काही आहे का. सेकंदाला १० फेऱ्या. आता मामांची तक्रार आठवा: विंडो तुकड्या-तुकड्याने येते, माउस उड्या मारतो. ६० ऐवजी १० शिट्ट्या ऐकू आल्या की अगदी असंच दिसतं, कारण त्यांचा यूएसबीचा कंट्रोलरही त्याच १६ नंबरवर होता. मला फोनवर "उड्या मारतोय" ऐकूनच संशय यायला हवा होता, पण मी आपलं रीस्टार्ट करा म्हटलं.

रीस्टार्टनंतर आजार बदलला का? नाही, तोच आजार, फक्त वेळ वेगळी. मशीन चालू होताना कुठला ड्रायव्हर आधी उठेल हे दरवेळी सारखं नसतं. वादळ ग्राफिक्स ड्रायव्हर उठण्याआधीच होऊन लाईन बंद झाली असेल तर ती सुरुवातीची टेस्ट नापास होते आणि अ‍ॅक्सिलरेशन मुळातूनच बंद, नंतर झालं तर रांगणारी स्क्रीन. म्हणून "कधी असं होतं, कधी तसं" म्हणणाऱ्या माणसाला वेड्यात काढू नका.

## सोळाच नंबर का दिसतो दरवेळी?

शोधायला गेलात तर जगभरातल्या तक्रारींत हाच नंबर भेटतो, जणू काही १६ ला साडेसाती आहे. कारण साधं आहे. जुन्या दोन चिपांची जागा पुढे आयओ एपिक नावाच्या भागाने घेतली, त्यात साधारण २४ लाईन असतात. ० ते १५ जुन्या मंडळींसाठी राखीव, मग पीसीआयवाल्यांसाठी पहिला नंबर येतो तो १६. आणि बऱ्याच इंटेल बोर्डांवर ग्राफिक्सच्या मोठ्या स्लॉटची पहिली लाईन नेमकी तिथेच जोडलेली असते, शिवाय यूएसबी आणि इतर दोन-तीन जणही तिथेच येऊन बसतात. गर्दीचा मजला आहे तो.

यातली अजून एक गंमत उपयोगाची आहे. पीसीआयच्या प्रत्येक स्लॉटला चार बेल असतात आणि सगळ्यांनी पहिलीच दाबू नये म्हणून बोर्ड बनवणारे त्या एकेक घर सरकवून जोडतात, म्हणजे या स्लॉटची पहिली ती शेजारच्या स्लॉटची दुसरी. त्यामुळे कार्ड नुसतं शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं तरी त्याचा आयआरक्यू बदलू शकतो. "कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं आणि चालायला लागलं" असं मेकॅनिक सांगतात तेव्हा ती जादू नसते, आणि खोडरबराने कॉन्टॅक्ट घासल्याचा परिणामही दरवेळी नसतो.

## पण हे सगळं जुनं झालं ना? आता कुठे आल्या तारा?

बरोबर प्रश्न. आताच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये बेलची वेगळी तार नसतेच. नवी पद्धत आहे एमएसआय, म्हणजे मेसेजने पाठवलेला इंटरप्ट. (ते एमएसआय नावाचे मदरबोर्ड वेगळे, यांचा त्यांचा काही संबंध नाही.) प्रत्येक उपकरणाला मेमरीतला एक पत्ता दिलेला असतो, काम झालं की ते त्या पत्त्यावर एक आकडा लिहितं आणि सीपीयूला बरोबर कळतं कुणाचं काय झालं. जिन्यातली बेल गेली, प्रत्येकाकडे मोबाईल आला, मिस्ड कॉल आला की नाव दिसतंच. १९९८ च्या पीसीआय २.२ पासून ही सोय आहे, एका उपकरणाला ३२ पर्यंत असे मेसेज मिळतात, आणि पुढच्या एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत. नव्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड जवळजवळ नक्कीच असंच बोलतं आणि शेजारच्याच्या अडकलेल्या बटणाचा त्याला काडीचाही त्रास नाही.

मग जुनी बेल कुठे उरली? जिथे उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर मेसेज वापरत नाही तिथे पीसीआय एक्सप्रेस जुन्या बेलची नक्कल करतं: "बटण दाबलं" असा एक निरोप, "बटण सोडलं" असा दुसरा. आणि इथेच एक नाजूक जागा तयार होते. २०११ च्या आसपासपासून बऱ्याच बोर्डांवर जुने पीसीआय स्लॉट दिसायला होते पण आतून ते खरे नव्हते, मध्ये एक छोटी ब्रिज चिप बसवलेली असायची, ती जुन्या कार्डाची भाषा नव्याला समजावायची. यातल्या काही चिपांना खोड आहे की "दाबलं" हा निरोप पोचवतात आणि "सोडलं" हा कधीमधी विसरतात. झालं. बटण कायमचं दाबलेलं, मालक म्हणतो माझं काम झालंय, आणि सेक्रेटरी वायर उपटायला निघाला.

## मग नेटवर अर्धे लोक एमएसआय चालू करा म्हणतात, अर्धे बंद करा, असं का?

कारण आजार दोन आहेत आणि औषधं उलटी. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त नुकसान याच गोंधळाने होतं.

पहिला आजार आपण बघितला, बेल अडकली. त्यावर ग्राफिक्स कार्डाला मोबाईल दिला, म्हणजे एमएसआय चालू केलं, की ते त्या गोंधळातून बाहेर.

दुसरा आजार म्हणजे मिस्ड कॉलच हरवणं. दाबून धरलेली बेल कुणी ना कुणी ऐकतोच, पण मिस्ड कॉल एकदाच येतो, तो चुकला की चुकला. काही जुन्या चिपा एक मेसेज पाठवल्यावर पुढच्यासाठी नीट तयारच होत नाहीत. एटीआयच्या रेडिऑन एक्स१३०० च्या काळातली आरव्ही५१५ ही चिप याचं नोंदलेलं उदाहरण आहे, लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येच तिच्यासाठी एमएसआय बंद करून ठेवलंय आणि कारणही लिहिलंय की ही मधूनच मेसेज हरवते आणि मशीन अडकतं. अशा कार्डाला एमएसआय बंद करणं हेच औषध.

आता गंमत बघा, ज्याला पहिला आजार आहे त्याने दुसऱ्याचं औषध घेतलं, म्हणजे सगळ्या मशीनचं एमएसआय बंद करणारा बूट ऑप्शन, म्हणजे मशीन चालू होताना दिली जाणारी सूचना, कुठूनतरी उचलून टाकला, तर काय होईल? होते-नव्हते ते सगळे परत जिन्यातल्या बेलवर. एसएसडी, नेटवर्क, ग्राफिक्स, सगळे एका मजल्यावर. रोग्याला बरं वाटण्याऐवजी आख्खी चाळ आजारी. म्हणून बंदच करायचं असेल तर फक्त त्या कार्डापुरतं करा, रेडिऑन आणि एएमडीजीपीयू दोन्ही ड्रायव्हरना तशी वेगळी सेटिंग आहे, त्यात एमएसआयची किंमत शून्य ठेवायची.

## माझ्याकडे कुठला आजार आहे हे कसं ओळखायचं

सगळ्यात आधी एक फुकटची गोष्ट तपासा, कारण निम्म्या वेळा भानगड इंटरप्टची नसतेच. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडते म्हणून लोक कंपॅटिबिलिटी मोड निवडतात, त्यात नोमोडसेट नावाचा ऑप्शन असतो, तो ग्राफिक्स ड्रायव्हरलाच झोपवतो, आणि तो नंतर कायमचा चिकटून राहिला की अ‍ॅक्सिलरेशन कधीच येत नाही. बूट ऑप्शनमध्ये तो दिसला तर काढा, रीस्टार्ट करा, कदाचित पुढचं वाचायची गरजच नाही.

तो नसेल तर टर्मिनल उघडा. (कमांडची नावं मी इथे मराठीत लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायची.) जीएलएक्सइन्फो या कमांडला रेंडररचं, म्हणजे चित्र काढणाऱ्याचं, नाव विचारलं आणि उत्तरात एलएलव्हीएमपाइप आलं तर सीपीयू चित्र काढतोय हे पक्कं. मग डीमेसेज या कमांडने लॉग उघडून त्यात "नोबडी केअर्ड" शोधा.

खरी मजा मात्र प्रॉक फोल्डरमधल्या इंटरप्ट्स नावाच्या फाईलमध्ये आहे. ती कॅट या कमांडने उघडली की डावीकडे लाईनचा नंबर, मध्ये प्रत्येक सीपीयू कोअरवर आतापर्यंत किती इंटरप्ट आले तो आकडा, आणि शेवटी त्या लाईनवर राहणाऱ्या बिऱ्हाडांची नावं. आयओ एपिक लिहिलं असेल तर बेल, पीसीआय एमएसआय लिहिलं असेल तर मोबाईल. ती फाईल एकदा बघा, मग एखादी विंडो पाच सेकंद इकडून तिकडे ओढा, पुन्हा बघा. ग्राफिक्सच्या ओळीतला आकडा काहीशेने वाढला तर इंटरप्ट ठीक आहेत, दुसरीकडे शोधा. आकडा लाखांनी उडाला, किंवा एक लाखाच्या वर जाऊन थबकला आणि लॉगमध्ये ती ओळ आहे, तर बेल अडकली होती. आणि आकडा शून्यावर किंवा दोन-चारवर बसून हलतच नसेल तर शिट्टी पोचतच नाहीये, म्हणजे हरवलेला मिस्ड कॉल, नाहीतर चुकीचा पत्ता.

चुकीचा पत्ता म्हणजे हे: कुठल्या स्लॉटची बेल कुठल्या नंबरवर वाजते याचा तक्ता बायॉस, म्हणजे बोर्डातच बसवलेला, मशीन उठवणारा प्रोग्राम, तयार करून ऑपरेटिंग सिस्टिमला देतो. तक्ता चुकला तर ड्रायव्हर बिचारा १६ वर कान लावून बसलाय आणि बेल वाजतेय १८ वर. याला उपाय बायॉस अपडेट. तो करताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, तेव्हा यूपीएस असेल तरच, आणि लोडशेडिंगच्या वेळेला तर नकोच.

## विंडोजवर असेल तर?

विंडोज वेगळ्या शब्दांत रडतं. व्हिस्टापासून त्यात एक पहारेकरी आहे, ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत हालचाल केली नाही तर तो ड्रायव्हर परत चालू करतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड" असं येतं. असं एका मिनिटात वारंवार झालं की निळी स्क्रीन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आणि कोड १२ दिसला तर त्याला लागणारी साधनं मिळाली नाहीत, कोड ४३ असेल तर कार्डाने किंवा ड्रायव्हरने स्वतःच हात वर केलेत, ज्याची कारणं पन्नास असू शकतात. कार्डाच्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसत असेल तर अ‍ॅक्सिलरेशन नाही हे नक्की.

त्याच डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत रिसोर्सेस बाय टाइप निवडलं की आयआरक्यूची यादी मिळते. काही नंबर उणे दिसतील, उणे दोन, उणे तीन वगैरे. ते एरर नाहीत, ती एमएसआयवाली उपकरणं. तुमचं ग्राफिक्स कार्ड उणे नंबरवर असेल तर शेजाऱ्याची बेल हा विषय संपला. आणि टास्क मॅनेजरमध्ये सिस्टिम इंटरप्ट्स नावाची ओळ मशीन रिकामं असतानाही सीपीयूचा मोठा वाटा खात असेल तर कुठलंतरी उपकरण बोंबलतंय. एकेक काढून किंवा डिसेबल करून बघा, ओळ खाली आली की चोर सापडला.

"आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल" ही प्रसिद्ध निळी स्क्रीन मात्र या सगळ्याशी थेट संबंधित नाही. नावात आयआरक्यू आहे म्हणून लोक स्लॉट बदलत बसतात. ती बहुतेकदा ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावल्याची तक्रार असते.

## लॉगच सांगतो ना "आयआरक्यूपोल लावून बघा", मग तेच लावलं तर?

हो, त्याच ओळीत कंसात तसा सल्ला येतो. पण तो ऑप्शन लावला की जिथे शिट्टी कुणी घेतली नाही तिथे आणि टायमरच्या प्रत्येक ठोक्यालाही सेक्रेटरी सगळ्या मजल्यांवरची दारं ठोठावत फिरतो. मशीन उभं राहतं, पण लंगडत. चोर कोण हे शोधेपर्यंतची कुबडी म्हणून ठीक, कायमची म्हणून नाही. ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करण्याचंही तसंच, त्याने क्रोमपुरती लक्षणं झाकतात, बेल अडकलेलीच राहते.

"आणि खरंच कार्ड गेलं असेल तर?" असू शकतं की. स्क्रीनवर रंगीत चौकोन, रेघा, बायॉसच्या पानावरसुद्धा कचरा दिसत असेल तर ते इंटरप्टचं काम नाही, तिथे अजून कुठली ऑपरेटिंग सिस्टिमच उठलेली नसते. तेव्हा दुकानदार बरोबर असतो.

## मामांच्या मशीनमध्ये काय निघालं

फाईलमध्ये १६ नंबरच्या ओळीला तीन नावं होती: यूएसबी, रेडिऑन आणि बीटीटीव्ही. तिसरं नाव वाचून मी विचारलं, "मामा, तुमच्या मशीनमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड आहे का?" दोन मिनिटं शांतता, मग म्हणाले, "हो रे, ते आहे ना मागे, केबल लावायचो त्याला."

केबल डिजिटल झाली, सेट टॉप बॉक्स आला, ट्यूनर तसाच पीसीआय स्लॉटमध्ये बसून राहिला. विंडोज १० मध्ये त्याला ड्रायव्हरच नव्हता, म्हणून तो इतकी वर्षं गप्प होता. लिनक्सने मात्र अगत्याने त्याचा जुना ड्रायव्हर शोधून लावला, ट्यूनर जागा झाला, शिट्ट्या मारायला लागला, मधल्या ब्रिजने एक "सोडलं" गिळलं आणि पुढचं तुम्हाला माहितीच आहे. ग्राफिक्स कार्ड जुनं असल्याने ड्रायव्हर त्याला एमएसआय देत नव्हता, म्हणून तेही त्याच बेलवर सापडलं.

आधी मी नुसता स्लॉट बदलायला सांगितला. ट्यूनर १७ वर गेला, स्क्रीन सुरळीत झाली, मामा खूश. अर्ध्या तासाने आवाज तुटायला लागला, कारण १७ वर साउंड होतं आणि आता ती लाईन बंद पडली होती. म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा दोष नाही याची पावतीच मिळाली. मग मशीन बंद, पॉवरची वायर भिंतीतून काढलेली, हात एकदा कॅबिनेटच्या पत्र्याला लावून, एक स्क्रू काढून ट्यूनर बाहेर. काढायचा नसता तर त्याचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करूनही, म्हणजे त्याला उठूच न देताही, भागलं असतं, पण वापरच नाही तर ठेवायचा कशाला, असं मला वाटत होतं.

मामांना तसं वाटत नव्हतं. रीस्टार्ट झालं, रेंडररच्या जागी रेडिऑनचं नाव आलं, विंडो लोण्यासारखी सरकायला लागली, आणि ते हातात ते धुळकट हिरवं कार्ड घेऊन म्हणाले, "याच्यावर दोन हजार अकराची फायनल बघितली आम्ही. टाकू नकोस हां." कार्ड आता टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.